महापे, ६२ मीटरचा चर: केबल तापण्याच्या नोंदी (मार्च ते डिसेंबर २०२५)

कारखाना महापे एमआयडीसीत, काम प्लास्टिकच्या इंजेक्शन मोल्डिंगचं. बाहेरून २२ केव्ही येतं, आमचा ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे आणि तिथून मेन पॅनेलपर्यंत ६२ मीटर चर. चरात साडेतीन कोअर (तीन पूर्ण तारा आणि एक निम्म्या जाडीची), ३०० स्क्वेअर एमएम, अ‍ॅल्युमिनियमच्या एक्सएलपीई (प्लास्टिकचं इन्सुलेशन) आर्मर्ड (बाहेरून धातूचं कवच) केबली, तीन, एकमेकींना चिकटून. मी मेंटेनन्स बघतो. खालच्या नोंदी कामाच्या वहीतल्याच आहेत, शिव्या तेवढ्या गाळल्या. कुणाच्या चरात हाच घोळ चालू असेल तर माझ्या चुका तरी त्याने परत करू नयेत.

९ मार्च, रविवार

पहाटे पावणेचारला मेन ब्रेकर अर्थ फॉल्टवर (करंट जमिनीत गळाला म्हणून) पडला. वायरमन काकांनी मेगर (इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लावला तर मधल्या केबलचा वाय फेज आर्मरला थेट शून्य. मधली दोन्ही टोकांनी सोडवली आणि उरलेल्या दोघींवर निम्मी मशीन चालवली. दुपारी फॉल्ट शोधणारी गाडी आली, रविवारचा दर १२,००० रुपये. उत्तर मिळालं, पॅनेलपासून ३१ मीटर. म्हणजे लोडिंग शेडखाली, जिथे जुना सरळ जॉइंट आहे. काकांना ते तोंडपाठ होतं. "तुम्ही विचारलंच नाही, साहेब." खरंय.

पेव्हर ब्लॉक काढून खणलं. जॉइंटचा कोळसा झालेला. नवीन हीट श्रिंक किट आणि जॉइंटरची मजुरी मिळून ९,५००. संध्याकाळी पावणेसहाला पूर्ण सुरू. १४ तास गेले. 'कारण' या रकान्यात मी लिहिलं: जुना जॉइंट.

१४ मार्च, धुळवड

कारखाना बंद, म्हणून पॅनेल उघडलं. आर फेजला तिन्ही केबलींचा करंट आदल्या दिवशी टाँग टेस्टरने (केबलीला चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरने) घेऊन ठेवला होता: २२०, २०८, १७२. एकच लांबी, एकच जाडी, मग तिसरी एवढी कमी का घेते? तिचा पॅनेलकडचा लग (केबलच्या टोकाला बसवलेला धातूचा तुकडा) काळपट निघाला. अ‍ॅल्युमिनियमचा लग सरळ तांब्याच्या बसबारवर आवळलेला, मध्ये बायमेटल वॉशर नाही. लग बदलला, वॉशर घातले. दुसऱ्या दिवशी २०२, २००, १९८. खर्च किरकोळ. मला वाटलं, रोग सापडला.

२ एप्रिल

तोच जॉइंट पुन्हा गेला. वय चोवीस दिवस.

जॉइंटरवर फोनवरच तोंडसुख घेतलं. तो आला, जळका जॉइंट करवतीने उभा कापला आणि फेरूल (दोन टोकं जोडणारी नळी) माझ्यासमोर धरला. क्रिम्प नीट होता, नॉन-टेन्शन फेरूल बरोबर मापाचा होता. मग खड्ड्यातली मूठभर माती उचलून माझ्या हातावर ठेवली. "साहेब, जॉइंटला नंतर बोला. आधी ही बघा."

माती गरम होती आणि पीठ झालेली. त्यात विटांचे तुकडे, प्लास्टरच्या खपल्या, थोडा थर्माकोल. शेड बांधली तेव्हा ठेकेदाराने चर राबीटने भरून टाकला होता आणि वर पेव्हर बसवण्याआधी प्लास्टिकचा कागद अंथरला होता, गवत येऊ नये म्हणून. एक मीटर बाजूला पहार मारली तर मुरमाचं ओलसर ढेकूळ निघालं. मी आजवर चराकडे केबल झाकायची जागा म्हणूनच बघत होतो.

इन्फ्रारेड गनने केबल मोजली, ५२ अंश. मग काय एवढं? असं म्हणून मी निश्चिंत झालो. पण तेव्हा फॉल्टला सहा तास झाले होते आणि खड्डा दोन तास उघडा होता. केव्हाच थंड झालेली केबल मी मोजत होतो.

४ एप्रिल

नवीन जॉइंट, पुन्हा ९,५००. या वेळी भरायच्या आधी केबलच्या सालीवर तापमानाचे तीन पीटी-१०० सेन्सर बांधले: एक मधल्या केबलला शेडखाली, जॉइंटपासून मीटरभर लांब, एक तिसरीला शेडखाली, एक मधल्या केबलला शेडबाहेर १२ मीटरवर. सेन्सर आणि साधा लॉगर मिळून ७,८००.

राबीट परत टाकलं नाही. चाळलेली, धुतलेली रेती आणून केबलींभोवती गादी केली. सगळीकडे रेतीच टाकतात, आम्हीही टाकली. ही माझी या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक.

१३ एप्रिल

नऊ दिवसांचं रेकॉर्ड. शेडबाहेर ६१ वर स्थिर. शेडखाली मधली ९८ आणि अजून चढते आहे.

काका म्हणाले सेन्सर खोटं बोलतोय. थोडं बोलत होताच. दोन वायरींचा सेन्सर, २० मीटर बारीक वायर, जाऊन-येऊन दीड ओहमच्या आसपास, आणि पीटी-१०० मध्ये ०.३८५ ओहमला एक अंश. म्हणजे जवळपास चार अंश फुकटचे. तीन वायरींची जोडणी केली, ९४ आले. एक्सएलपीईला आतल्या कंडक्टरवर सतत चालणारी मर्यादा ९० आणि इथे बाहेरची सालच ९४.

कागदावर मात्र सगळं ठीक. कॅटलॉगात या केबलला जमिनीत ४०० च्या आतबाहेर अँपिअर आहेत, तीन चिकटून टाकल्या की साधारण ०.७ ने गुणायचं, म्हणजे प्रत्येकी २८०. आम्ही २०० चालवतो. त्या ४०० च्या खाली बारीक अक्षरात अटी असतात: जमीन ३० अंशांची आणि मातीची उष्णता-रोधकता (माती उष्णता किती अडवते, आकडा जास्त तितकी केबल गरम) १.५ केल्विन-मीटर प्रति वॅट. कॅटलॉगवाले तोच आकडा १५० असा छापतात, एकक वेगळं. इतकी वर्षं ती ओळ मी वाचली नव्हती. आमची माती किती आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

आणि सहा वर्षं काही झालं नाही, आताच का? डिसेंबरपासून तिसरी पाळी सुरू झाली. दोन पाळ्यांत रात्री आठ तास मातीला उसंत मिळायची. आता ६०० अँपिअर चोवीस तास. हिशोब केला तर तिन्ही केबली मिळून चराच्या दर मीटरला ४७ वॅटच्या आसपास उष्णता. एका बल्बएवढी, पण ती कधीच विझत नाही.

१५ ते १८ एप्रिल: सुई

माती मोजायची तर सुई लागते. बारीक नळीत तापणारी तार आणि तापमानाचा सेन्सर. जमिनीत खुपसायची, ठरलेले वॅट द्यायचे आणि तापमान किती वेगाने चढतं ते बघायचं. माती उष्णता वाहून नेत नसेल तर सुई लवकर तापते. तयार यंत्राचा भाव ऐकून फोन ठेवला. घरीच बनवली: स्टीलची ३ एमएम नळी, ३० सेंटिमीटर, आत नायक्रोम आणि थर्मोकपल. खर्च १,४०० आणि तीन संध्याकाळी.

घरच्या सुईवर विश्वास ठेवायचा तर आधी माहीत असलेल्या गोष्टीत बुडवून बघायची. केमिस्टकडून ग्लिसरीन आणलं, त्याची रोधकता ३.५. सुई म्हणाली २.९. एक अख्खा दिवस गणित तपासण्यात गेला. चूक अशी की व्होल्टेज मी अ‍ॅडॅप्टरपाशी मोजत होतो आणि बारीक वायरींत सतराएक टक्के पॉवर वाटेतच गळत होती. सुईच्या मुठीपाशी मोजल्यावर ३.५ बरोबर आलं. दुसरी खात्री चायना ग्रासची. पाण्यात उकळून थिजवलं की पाणी हलत नाही आणि आकडा पाण्याचाच येतो, १.६५ च्या जवळ. आम्हाला १.७ आला. उरलेलं चायना ग्रास घरी गेलं. बायकोने विचारलं, खरवस करायचाय का? मी म्हटलं, सुईला खाऊ घातलं.

सुई करणाऱ्यांसाठी: दर मीटरला १० वॅटच्या वर जाऊ नका आणि पहिल्या मिनिटाचं वाचन फेकून द्या. एक ते दहा मिनिटांत दीड मातीत पावणेतीन अंश चढतात, तीनच्या मातीत साडेपाच.

२० एप्रिल, रविवार

शनिवारी रात्रीच सप्लाय बंद ठेवला. चालू केबलशेजारी जमीन स्वतःच तापत असते, मग सुईचा आकडा कुठून आला ते कळत नाही. तरी पहिली दोन वाचनं घाईत घेऊन वाया घालवलीच.

शेडबाहेरचा मुरूम, पाऊण मीटर खोल: १.२ आणि १.३. शेडखाली केबलीपासून ४० सेंटिमीटर लांब: १.९. केबलीलगतच्या राबीटच्या उरलेल्या पट्ट्यात: ३.२. आणि मी चार एप्रिलला हौसेने टाकलेल्या रेतीत: ३.४.

रेती राबीटपेक्षा वाईट निघाली. वही बंद केली आणि चहा प्यायलो.

नंतर जे समजलं ते थोडक्यात. ओल्या मातीत उष्णता पाण्यातून जाते, आणि पाणी हवेच्या वीस पटींहून जास्त उष्णता वाहून नेतं. केबल तापली की ओल वाफ होऊन थंड बाजूला पळते. बारीक मातीत ती केशाकर्षणाने परत ओढली जाते. राबीटच्या भोकांतून आणि एकाच मापाच्या रेतीच्या कणांमधून ती परत येत नाही, पोकळीत हवा राहते, केबल आणखी तापते, आणखी ओल पळते. एकदा हे चक्र सुरू झालं की लोड तोच राहिला तरी तापमान चढतच राहतं. वरून प्लास्टिकचा कागद, त्यामुळे पावसाचंही पाणी नाही.

२० एप्रिलपासून: पाण्याचा प्रयोग

सप्लाय बंद होता तेवढ्यात चरात सहा पीव्हीसी नळ्या हाताने खुपसून ठेवल्या. पहार वापरायची नाही यावर काका अडून बसले, त्यांचंच बरोबर. सोमवारी नळ्यांतून पाणी सोडलं.

दोन दिवसांत ९४ वरून ७१. प्रॉडक्शन मॅनेजर खूश. "दोनशे रुपयांच्या पाइपात काम झालं की!" मलाही तेच हवं होतं. पण आठव्या दिवशी ८४, नवव्या दिवशी ९०. पुन्हा पाणी घातलं, या वेळी सातव्या दिवशीच ९० पार. शिवाय पाण्याबरोबर बारीक माती खाली वाहून जात होती आणि दोन ठिकाणी पेव्हर खचले. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर केबल जगवणं म्हणजे रोज सलाइन लावण्यासारखं. पक्कं काम होईपर्यंत वेळ काढायला ठीक आहे. आम्ही मे अखेरपर्यंत तेच केलं आणि चार मशीन तिसऱ्या पाळीत बंद ठेवली.

२७ एप्रिल ते ११ मे: बादल्या

भरायला काय वापरायचं हे बादल्यांत ठरवलं. प्रश्न एकच ठेवला: पूर्ण सुकल्यावर किती? ओलेपणी सगळेच शहाणे असतात. ओली रेती ०.६ दाखवते आणि माणूस फसतो.

सुकवायला आमच्याकडे प्लास्टिकचा दाणा सुकवायचा ट्रे ड्रायर आहे. त्यात माती घातली म्हणून मॅनेजर चार दिवस माझ्याशी बोलला नाही. एका बॅचमध्ये काळे ठिपके आले ते माझ्यामुळेच, असं त्याचं म्हणणं. असेलही.

पहिली बादली क्रशरच्या डस्टची (खडी फोडताना पडणारा दगडाचा चुरा), दाबून भरलेली. तीन दिवसांनी १.० आलं. आनंदाने शेठना फोन केला. मग शंका आली म्हणून बादली फोडली तर मधोमध ओलीच. तेव्हापासून नियम: रोज वजन करायचं आणि वजन उतरायचं थांबलं की मगच सुई घालायची. अकरा दिवस गेले ते यात.

खरे आकडे, सगळे कोरडे: रेती ३.४. डस्ट नुसती ओतलेली २.३. तीच डस्ट ओलावा बघून धुम्मसने दाबलेली १.४. डस्ट चार घमेली, बारीक खडी एक घमेलं आणि वजनाला तीनएक टक्के सिमेंट, दाबून: १.१. डस्टमध्ये पिठापासून ज्वारीच्या दाण्याएवढ्यापर्यंत सगळी मापं असतात, म्हणून मोठ्यांच्या फटी लहान भरतात आणि दगडाला दगड टेकतो. आपला दगड काळा बेसॉल्ट, उष्णतेच्या बाबतीत क्वार्ट्झएवढा चांगला नाही, पण पनवेलकडच्या क्रशरवरून तो सकाळी सांगितला की दुपारी येतो. सिमेंट मुद्दाम कमी. पुढे कुणाला खणायचं झालं तर कुदळीने निघालं पाहिजे.

ओलावा किती? मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे आणि तळहात ओला होता कामा नये. काटा-वजनाने नंतर मोजलं, आठ टक्क्यांच्या आसपास.

१३ मे

शेठना खर्च सांगितला. नवीन मधली केबल ६६ मीटर, १,०६,०००. डस्ट अडीच ब्रास, ४,२०० ने. खडी अर्धा ब्रास. सिमेंट सहा गोणी. मजूर चार दिवस. शेठ म्हणाले, माती बदलायला पैसे? केबलच जाडी टाक.

१९९८ चा ऑकलंडचा किस्सा सांगितला. जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे त्यांच्या ऐन उन्हाळ्यात, शहराच्या मध्यभागाला वीज देणाऱ्या ११० केव्हीच्या चार केबली एकामागून एक गेल्या आणि पाच आठवडे तिथले व्यवहार कोलमडले. चौकशीत जे निघालं त्यात मातीची रोधकता धरली होती त्यापेक्षा जास्त असणं हेही होतं. शेठ म्हणाले, "ते न्यूझीलंड. हे महापे." मग दोन बंद पडण्यांचा आणि चार मशीन बंद ठेवल्याचा हिशोब पुढे ठेवला. त्यावर सही झाली. ऑकलंड कामाला आलं नाही.

२४ आणि २५ मे

नवीन केबल आधी चरात टाकली नाही. भिंतीच्या कडेने विटांवर उघडी पसरली, दोन्ही टोकं जोडली, भोवती बॅरिकेड, आणि जवळपास ४०० अँपिअर तिच्यावर चालवले. हवेत ती एकटी हे सहज घेते. त्यामुळे जुन्या दोन्ही बंद करून चर मोकळा मिळाला आणि जनरेटर भाड्याने घ्यावा लागला नाही. हा या सगळ्या कामातला माझा एकमेव हुशार निर्णय.

१८ मीटर शेडखालचा भाग हाताने खणला. जेसीबी नाहीच. राबीट दोन छोटे टेम्पो भरून गेलं. प्लास्टिकचा कागद काढून टाकला. रविवारी रात्री चर तयार, डस्ट गेटजवळ उघड्यावर पडलेली, ताडपत्री सोमवारी आणू म्हटलं. जूनच्या पहिल्या आठवड्याआधी कशाला पाऊस येतोय.

२६ मे, सोमवार

मान्सून आला. मुंबईत इतक्या लवकर आल्याची नोंदच नाही, असं संध्याकाळी बातम्यांत सांगत होते. आमच्यापुरतं सांगायचं तर शेडला छप्पर होतं पण चर शेडबाहेरही जातो, आणि बाहेरचं सगळं पाणी उतारावरून चरात. गुडघाभर. डस्टच्या ढिगाचा चिखल.

२७ ते ३० मे

पंप लावून चर उपसला, एक कड ढासळली ती लाकडी फळ्यांनी धरली. भिजलेल्या डस्टवर धुम्मस मारली की ती इडलीच्या पिठासारखी हलायची, दाबली जायची नाही. मुठीत लाडू नाही, बोटांतून पाणी. चार दिवस सुकायची वाट बघितली. मजुरांचे चार दिवस भरले, काम शून्य. मशीन अर्धी.

३१ मे

मुकादम म्हणाला, "साहेब, सुकत नाही तर पातळच करून ओता ना." मी हसलो आणि मग हसायचं थांबलो. केबलच्या पोटाखाली धुम्मस पोचत नाही हा प्रश्न तसाही होताच. आधी चाचणीसाठी भरलेल्या मीटरभर तुकड्यात केबल उचलून बघितली होती तर खाली बोटभर पोकळी. पातळ मिश्रण स्वतःच पोटाखाली शिरेल.

मिक्सर भाड्याने आणला. ओली डस्ट, खडी, सिमेंट थोडं वाढवलं, पाणी पिठल्याएवढं. एक बादली बाजूला ठेवून सुकवायला लावली (बारा दिवसांनी आकडा आला, १.२. दाबलेल्याच्या जवळ, चालेल).

खाली दहा सेंटिमीटर थर ओतून रात्रभर बसू दिला.

१ जून

दोन जुन्या केबली आपापल्या जागी, १५ सेंटिमीटर अंतराने. चिकटलेल्या केबली एकमेकींना शेकत असतात. एवढ्या अंतरानेच हिशोबात सात-आठ अंश कमी होतात. नवीन केबलची मधली जागा विटा ठेवून मोकळी राखली.

मिश्रण ओतायला लागलो आणि पाच मिनिटांत मुकादम ओरडला, केबल वर येतेय! विश्वास बसेना. मग हिशोब केला. ही केबल मीटरला साडेपाच किलोच्या आसपास, आणि तेवढीच जागा घेणारं पिठलं सहा किलो. अ‍ॅल्युमिनियमची केबल पिठल्यात तरंगणारच. तांब्याची असती तर बुडाली असती. ओतणं थांबवलं, रेतीच्या गोण्या (त्या महागड्या रेतीच्याच, शेवटी कामाला आल्या) दर मीटरला केबलवर आडव्या फळ्यांवर ठेवल्या, आणि पुढचं ओतकाम दोन पातळ थरांत केलं. दोन मीटरात केबल तीन बोटं वर राहिलीच. ती तशीच आहे. खोली पुरेशी आहे म्हणून सोडली.

३ जून

सहा तास पूर्ण बंद. भिंतीवरची केबल मधल्या जागी उतरवली, एकच अखंड लांबी, शेडखाली आता मधल्या केबलला जॉइंट नाही. सेन्सर नव्याने बांधले, या वेळी तीन वायरींचे. ओतकाम केबलींच्या वर १५ सेंटिमीटरपर्यंत. त्यावर फरशा आणि धोक्याची पट्टी, मग मुरूम थराथराने दाबून, मग पेव्हर. प्लास्टिकचा कागद टाकायला आलेल्या माणसाला मी स्वतः परत पाठवलं.

एकूण खर्च १,७४,००० च्या पुढे गेला. पावसामुळे त्यातले २८,००० आणि मुख्य म्हणजे पाच दिवस. ताडपत्री १,१०० ला मिळत होती.

२० जून

फुल लोड, तिन्ही पाळ्या. मधली ४९ आणि स्थिर. याला काही किंमत नाही, पाऊस चालू आहे. ओलेपणी सगळेच शहाणे.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

सुट्टी असूनही लॉगर उतरवायला आलो. ऑगस्टचा आकडा ४६. शेडच्या पन्हळीचं पाणी चराकडे वळवावं असं काका सुचवत होते. नको म्हटलं. एक तर पाणी दर उन्हाळ्यात संपणार, आणि मला कोरड्यात चालणारा चर हवा आहे.

१९ ऑक्टोबर

५१. पाऊस थांबून काही दिवस झाले. रोज किती चढतंय ते बघतो आहे, आठवड्याला अर्धा अंशही नाही. एप्रिलमध्ये नऊ दिवसांत तेहेतीस चढले होते. आकड्यापेक्षा हा वेग बघायचा, हे आता शिकलो. तापमान एका जागी टेकलं तर मातीने ओल धरून ठेवली आहे. हळूहळू का होईना पण सरळ रेषेत चढत राहिलं तर सुकायला लागली आहे.

१६ नोव्हेंबर

लॉगरची बॅटरी संपली होती, नऊ दिवसांचं रेकॉर्ड गेलं. माझीच चूक, महिन्यातून एकदा बघायचं ठरलं होतं. आता काकांच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलं आहे, तेच जास्त भरवशाचं.

१४ डिसेंबर

मधली ५५, तिसरी ५३, शेडबाहेरची ५७. आता शेडखालचा भाग बाहेरच्या जुन्या चरापेक्षा थंड आहे. म्हणजे पुढची कमकुवत जागा बाहेर सरकली, शेडच्या कडेला जुना मुरूम जिथे सुरू होतो तिथे. तिथे चौथा सेन्सर घालायचा आहे. सुई परत ग्लिसरीनमध्ये बुडवून तपासली, ३.६. ठीक.

मॅनेजर आला होता. नवीन चिलर घ्यायचा आहे, अजून ८० अँपिअर, "आता चर नवीन झालाय ना?" मी त्याला लॉगरचा कागद दाखवला आणि सांगितलं, एप्रिलचं वाचन हातात आल्याशिवाय सही करणार नाही. तो शेठकडे गेला आहे.